भूकंपात इमारत कुठे तुटते

भूकंपात इमारतीला बाहेरून कोणी ढकलत नाही. वारा भिंतीवर आदळतो, पुराचे पाणी पायथ्याला रेटते. भूकंपात फक्त पायाखालची जमीन सरकते, मागे येते आणि पुन्हा सरकते. पाया जमिनीबरोबर जातो, पण वरचे मजले जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात. या ओढाताणीत जे आडवे बळ तयार होते, ते इमारतीच्या स्वतःच्याच वजनातून येते. पुण्याजवळच्या मांजरीच्या रस्त्यावर उसाने भरलेली ट्रॉली पाहिलेल्याला हे लगेच कळेल. ट्रॅक्टरने हिसका दिला की चाके पुढे जातात आणि वरचा ऊस मागे कलतो. ट्रॉली जितकी उंच आणि जड भरलेली, तितका कल जास्त. आणि दोर जिथे सैल असेल, नेमक्या तिथूनच मोळ्या निसटतात. इमारतीचे गणितही असेच आहे. वजन आणि उंची आडवे बळ ठरवतात, आणि तुटण्याची जागा बांधणी ठरवते.

मांजरी पुण्याच्या पूर्व कडेला, मुळा-मुठेच्या काठावर आहे. नदीच्या दक्षिणेला मांजरी बुद्रुक, उत्तरेला मांजरी खुर्द. ऊस आणि द्राक्षे ही या काळ्या जमिनीची जुनी ओळख. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथेच आहेत. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले, पण शेते बिनशेती होऊन त्यांवर इमारती उभ्या राहणे त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. शहराच्या कडेच्या अशा गावांत आता तीन पिढ्यांची बांधकामे शेजारी शेजारी उभी असतात : गावठाणातली दगडमातीची किंवा विटांची घरे, गुंठा-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर मजल्यावर मजला चढवलेल्या इमारती, आणि अलीकडचे उंच टॉवर. एकाच भूकंपात या तिघांचे हाल तीन तऱ्हेचे होतील.

भारतीय मानक ‘आयएस १८९३’च्या २०१६ च्या आवृत्तीतील नकाशाप्रमाणे पुणे तिसऱ्या भूकंप विभागात येते. या विभागासाठी ०.१६ हा गुणांक धरलेला आहे. म्हणजे मोठ्यात मोठ्या भूकंपात जमिनीला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या १६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, असे मानून हिशेब मांडायचा. कोयनेचा परिसर चौथ्या विभागात आहे आणि तिथे हा आकडा ०.२४ आहे. नकाशा हा आजवर कळलेल्या गोष्टींवर बांधलेला अंदाज असतो, आणि महाराष्ट्राने हा अंदाज दोनदा चुकलेला पाहिला आहे. कोयना १९६७ च्या भूकंपापर्यंत भूकंपाचा प्रदेश मानला जात नव्हता. किल्लारीची जमीन तर १९९३ मध्ये नकाशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होती. तिथल्या भूकंपात आठेक हजार माणसे गेल्यानंतर, २००२ च्या आवृत्तीत, किल्लारी ज्या जिल्ह्यात आहे ते लातूर तिसऱ्या विभागात आले.

भूकंपाची बातमी आली की पहिला आकडा सांगितला जातो तो रिश्टर मापाचा. हा आकडा खडकात फुटलेल्या भेगेचा आणि तिथे मोकळ्या झालेल्या ऊर्जेचा असतो. आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता आणि २००१ चा भूजचा ७.७ चा, ऊर्जेच्या हिशेबात दोहोंत पावणेदोनशे पटींचे अंतर आहे. पण एखाद्या गावात घर किती हलले हे या आकड्यावरून कळत नाही. ते अंतरावर, भेगेच्या खोलीवर आणि मधल्या-खालच्या जमिनीवर अवलंबून असते. दिव्याची शक्ती आणि पुस्तकाच्या पानावर पडलेला उजेड यांत जो फरक, तोच इथेही. किल्लारीचा भूकंप आकड्याने मध्यम होता, पण अगदी उथळ होता, आणि त्याची भेग जमिनीच्या पृष्ठभागावरही उमटली. गावे जवळजवळ त्या भेगेवरच वसलेली होती.

अंतर वाढते तसा हादऱ्याचा पोतही बदलतो. भेगेजवळ जमीन भराभर थरथरते, सेकंदाला पाच-दहा वेळा. असे वेगवान हेलकावे वाटेतल्या खडकात लवकर विरतात. संथ, लांब हेलकावे मात्र दूरवर पोहोचतात. मांजरीपासून कोयनानगर सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटर आहे, किल्लारी सुमारे २८० किलोमीटर. कोयनेत मोठा भूकंप झाला, तर त्याची पहिली, ढकलत जाणारी लहर सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने साधारण २० सेकंदांत मांजरीत येईल; खिडक्यांची तावदाने वाजतील. इमारतींना आडवे हलवणारी दुसरी लहर त्यानंतर पंधराएक सेकंदांनी पोहोचेल. तोवर बारीक थरथर बरीच मावळलेली असेल आणि उरलेले संथ हेलकावे बैठ्या घरांपेक्षा उंच इमारतींना जास्त जाणवतील.

याचे कारण प्रत्येक इमारतीचा स्वतःचा झोका असतो. पाळण्याला जशी आपली लय असते तशी इमारतीलाही असते. आरसीसी इमारतीच्या झोक्याचा काळ उंचीवरून काढण्याचे सूत्र मानकातच दिलेले आहे. १२ मीटर उंचीची चार मजली इमारत साधारण अर्ध्या सेकंदात एक झोका पुरा करते. ३६ मीटरची बारा मजली इमारत १.१ सेकंदात. बैठे घर सेकंदाच्या दहाव्या भागात. जमिनीचे हेलकावे आणि इमारतीचा झोका यांची लय जुळली की प्रत्येक हेलकाव्याला इमारत आणखी थोडी जास्त झुलते, जसा योग्य वेळी हात लावत गेले की पाळणा उंच जातो.

मातीचा प्रश्न इथे येतो, कारण मातीच्या थरालाही अशीच लय असते. थराची जाडी आणि त्यातून आडवी लहर जाण्याचा वेग यांवरून ती ठरते. मेक्सिको शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ चिकणमातीवर वसलेला आहे. १९ सप्टेंबर १९८५ रोजी साडेतीनशे किलोमीटरवर, समुद्रकाठी मोठा भूकंप झाला. वाटेतल्या गावांनी तो सोसला. पण शहराखालच्या गाळाने दोन सेकंदांची लय असलेले हेलकावे नेमके निवडून फुगवले, आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती कोसळल्या. टेकडीवरच्या कठीण जमिनीवर उभा असलेला त्याच शहराचा भाग बराचसा शाबूत राहिला.

मांजरीखाली असे तळे नाही. दख्खनच्या इतर भागांप्रमाणे इथेही वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ आहे. नदीकाठी गाळाची भर पडलेली असते. पाच मीटर जाडीचा थर आणि त्यातून सेकंदाला २०० मीटर जाणारी लहर असा हिशेब धरला, तर त्या थराची लय सेकंदाच्या दहाव्या भागाची निघते, म्हणजे बैठ्या घराच्या झोक्याइतकीच. टॉवरचा पाया ही माती उकरून मुरमाच्या किंवा कातळाच्या थरावर नेतात, त्यामुळे त्याचा या मातीशी संबंध कमी येतो. काळ्या मातीवरच हातभर खोल पाया घेतलेल्या जुन्या घराचे तसे नाही. त्यात काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून अशा घरांच्या भिंतींना भूकंपाआधीच तिरक्या चिरा गेलेल्या असतात. हादऱ्याला सुरुवात करायला तेवढी फट पुरते.

उंच इमारतीसाठीही जमिनीचा प्रकार हिशेबात घ्यावाच लागतो. मानकात जमिनीचे कठीण, मध्यम आणि मऊ असे तीन वर्ग आहेत. १.१ सेकंद झोक्याची बारा मजली इमारत कातळाऐवजी मऊ जमिनीवर बांधायची म्हटली, तर तिच्यासाठी धरायचे आडवे बळ दोन-तृतीयांशाने वाढते. नकाशा तोच, आराखडा तोच, गावही तेच. फक्त प्लॉट नदीकडे सरकला. म्हणून बोअर घेऊन माती तपासल्याचा अहवाल हा फाइलीला जोडायचा कागद नसतो. इमारतीच्या आकडेमोडीतला पहिला आकडा त्यातून येतो.

हादरा आणि माती यांचे काम इथे संपते. यापुढे जे होते ते माणसाने बांधलेल्या वस्तूत होते, आणि किल्लारीइतके ते स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरची किल्लारी, सास्तूर, मंगरूळ अशी तेरणाकाठची गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. तिथले घर बाहेरून भक्कम दिसे. भिंत हातभरापेक्षा जास्त रुंद, काही ठिकाणी तर त्याच्या दुप्पट. पण ती एक भिंत नसे. बाहेरच्या बाजूला घडीव दगडांचा एक थर, आतल्या बाजूला दुसरा, आणि मध्ये चिपा, गोटे आणि चिखल यांची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. जोडणीला चुना किंवा सिमेंट नाही, मातीच. चिखल सुकला की दगडाला वजनाने बसवून ठेवतो, चिकटवून ठेवत नाही. वरून दाब असेपर्यंत अशी भिंत शंभर वर्षे उभी राहते. आडवा हिसका बसला की बाहेरचा थर बाहेर, आतला थर आत आणि मधली भर दोहोंच्या मधून खाली.

या भिंतींवर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राहावे आणि पावसात गळू नये म्हणून ही माती. दर पावसाळ्याआधी तिच्यावर नवी माती पसरण्याची रीत, त्यामुळे थर वाढतच जाई. अर्धा मीटर माती धरली तर दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीवर सात टनांच्या वर वजन होते. घराचे सर्वांत मोठे वजन सर्वांत वर, आणि ते धरणाऱ्या भिंती सर्वांत सैल. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नसल्याने आधी त्या तिथे सुटल्या, मग एकेक भिंत एकटी पडली. जिथे लाकडी खांबांचा सांगाडा नीट होता आणि माळवद त्या खांबांवर पेललेले होते, तिथे भिंती ढासळूनही छप्पर अनेकदा वरच राहिले. कुडाच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्यांत माणसे वाचली. गावातल्या सर्वांत गरिबाच्या घरात वजनच नव्हते.

जवळपास ८,००० माणसे त्या पहाटे गेली. सारा महाराष्ट्र तिकडे धावला. मदत, रक्तदान, स्वयंसेवक यांची त्या काळात वाण पडली नाही. पण त्या मृत्यूंचे कारण सांगताना ‘निसर्गाचा कोप’ एवढ्यावर थांबणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे. ६.२ चा भूकंप झेपेल अशी घरे बांधण्याचे ज्ञान तेव्हाही होते. दर काही फुटांवर आरपार दगड, कोपऱ्यांत गुंफण आणि भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी फिरणारा एक पट्टा, एवढेही अनेकांना पुरले असते.

कोयनेची गोष्ट वेगळी आहे, पण सांगते तेच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला ६.३ च्या आसपासचा भूकंप झाला. जवळपास २०० माणसे मरण पावली, कोयनानगरातली बहुतेक दगडी घरे पडली, वीजपुरवठा तुटल्याने मुंबईपर्यंत अंधार झाला. १०३ मीटर उंचीचे धरण मात्र उभे राहिले. धरणातल्या भूकंपमापक यंत्राने त्या वेळी केलेली नोंद जगभरच्या अभियंत्यांनी नंतर अभ्यासली. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ४९ टक्के. धरणाच्या रचनेत धरलेला आडव्या बळाचा गुणांक होता ५ टक्के. जवळजवळ दसपट हिसका बसूनही धरण कोसळले नाही, याचे कारण त्याचे अवाढव्य घन शरीर. तरी ते तडकले, आणि कुठे तडकले हे पाहण्यासारखे आहे. पायथ्याशी बळ सर्वांत जास्त असते, पण तिथे काही मोठे बिघडले नाही. धरणाच्या मागच्या बाजूचा उतार वरच्या भागात जिथे एकदम बदलतो, जाड अंग सडपातळ होते, त्या मानेपाशी आडव्या भेगा गेल्या. पुढे त्या भागाला मागून काँक्रीटचे आधार देऊन धरण मजबूत करण्यात आले.

आकार, वजन किंवा ताठपणा जिथे अचानक बदलतो तिथे भूकंपाचा ताण गोळा होतो. किल्लारीच्या भिंतीत ती जागा कोपऱ्यात आणि दोन थरांच्या मध्ये होती, कोयनेच्या धरणात मानेपाशी. आरसीसी इमारतीत ती कुठे असते हे २६ जानेवारी २००१ रोजी अहमदाबादने दाखवले.

भूजच्या भूकंपाचे केंद्र अहमदाबादहून सव्वादोनशेहून अधिक किलोमीटर दूर होते. शहरात जमिनीला बसलेला नोंदीतला हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ११ टक्क्यांच्या आसपास. अहमदाबाद तिसऱ्या विभागात, म्हणजे पुण्याच्याच विभागात. साबरमतीच्या गाळावर वसलेल्या या शहरात त्या सकाळी ७०० हून अधिक माणसे इमारतींखाली सापडली, आणि त्या इमारती बहुतांशी नव्या होत्या : तळमजला पार्किंगसाठी मोकळा, वर चार किंवा दहा मजले. वरच्या मजल्यांवर कॉलमांच्या मध्ये विटांच्या भिंती असतात. आराखड्यात त्यांना ‘भार न घेणाऱ्या’ म्हणतात, पण आडव्या हिसक्याला त्या खूप विरोध करतात. त्यामुळे वरचे सगळे मजले मिळून एक ताठ पेटी होते. खाली भिंती नाहीत, नुसते कॉलम. पेटी हलत नाही, हलायचे ते सगळे तळमजल्यालाच हलावे लागते. कॉलमांचे माथे आणि पायथे एकाच वेळी मोडतात आणि पेटी जशीच्या तशी एक मजला खाली येते.

मांजरीतच नव्हे, पुण्यात कुठेही पाहिले तरी इमारतींचा हाच नमुना दिसतो. खाली पार्किंग हवेच, ते नियमानेही लागते आणि राहणाऱ्यांनाही लागते. मोकळा तळमजला ठेवायचा तर तो वरच्याइतका ताठ करण्याची सोय करावी लागते : लिफ्टच्या भोवती, जिन्याच्या बाजूला आणि बाहेरच्या कडांना पायापासून माथ्यापर्यंत जाणाऱ्या काँक्रीटच्या भिंती. २०१६ च्या मानकात मोकळ्या मजल्यासाठी असे उपाय सांगितलेले आहेत. नव्या टॉवरांत अॅल्युमिनियमचे साचे लावून सगळ्याच भिंती काँक्रीटच्या ओततात, हे त्या दृष्टीने चांगलेच. पण पार्किंगला जागा मोकळी करण्यासाठी त्याच भिंती तळात कापून जाड बीमांवर टेकवल्या, किंवा वरचा कॉलम खाली न नेता बीमवर उभा केला, ज्याला साइटवर फ्लोटिंग कॉलम म्हणतात, तर कोयनेची मान पुन्हा तयार झाली.

इमारतीची रचना करणारा अभियंता भूकंपाचे सगळे बळ इमारतीने अंगावर झेलावे असे धरत नाही, ही गोष्ट सर्वसामान्यांना सहसा माहीत नसते. मांजरीतल्या ८०० टन वजनाच्या चार मजली इमारतीचे उदाहरण घेता येईल. ती जराही न दुखावता उभी राहायची असेल, तर तळाशी वजनाच्या २० टक्के, म्हणजे १६० टन आडवे बळ पेलावे लागेल. मानक तिला ४ टक्के, ३२ टन एवढ्यासाठीच बांधायला सांगते. उरलेले बळ इमारतीने वाकून, चिरा पाडून घेऊन, सळया ताणून जिरवायचे असते. भिंती फुटल्या, प्लास्टर पडले, बीम चिरले तरी चालेल. माणसे जिन्याने उतरून बाहेर आली पाहिजेत. काचेची बांगडी दाबली तर तुटते, तांब्याचे कडे वाकून राहते. इमारतीने कड्यासारखे वागावे, ही यातली अट.

ही सवलत फुकट नाही. वाकूनही न तुटण्याचा गुण काँक्रीटमध्ये जन्मजात नसतो, तो सळया बांधण्याच्या पद्धतीतून येतो. ती पद्धत ‘आयएस १३९२०’ या मानकात दिलेली आहे, आणि योगायोग असा की त्याची पहिली आवृत्ती १९९३ चीच. ३२ टनांची सवलत घ्यायची आणि या मानकातली बांधणी करायची नाही, असे केले तर कागदावर सुरक्षित असलेली इमारत प्रत्यक्षात पाचव्या हिश्शाच्या ताकदीची आणि वर ठिसूळ होते.

त्या बांधणीचा सगळा अर्थ एका रिंगेत दिसतो. कॉलममध्ये उभ्या सळया असतात आणि त्यांच्याभोवती आडव्या रिंगा. फिटर फळीवर ठोकलेल्या खुंट्यांत ८ मिलिमीटरची सळई अडकवून चार कोपरे वाकवतो आणि शेवटी दोन टोके उरतात. ती काटकोनात वाकवून सोडणे सोपे, हातासरशी होते. मानक सांगते, टोके आणखी आत, १३५ अंशांपर्यंत वळवा, आणि वळणापुढे निदान ६५ मिलिमीटर लांबीचे टोक कॉलमच्या गाभ्यात जाऊ द्या. फरक दिसायला एवढासा. भूकंपात कॉलमच्या माथ्याशी आणि पायथ्याशी आधी वरचे कव्हर, म्हणजे रिंगेबाहेरचे काँक्रीट, ढलपे होऊन पडते. काटकोनी टोक त्या कव्हरच्याच आधाराने बसलेले असते. कव्हर गेले की रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात, आतले काँक्रीट चुरा होऊन सांडते आणि कॉलम बसतो. टोक गाभ्यात रुतलेले असेल तर कव्हर गेल्यावरही रिंग मिटलेलीच राहते, आतले काँक्रीट मुठीत धरल्यासारखे टिकते, आणि तेवढ्यावर इमारत उभी राहते. कॉलमच्या दोन्ही टोकांना या रिंगा दाट हव्यात, १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतरावर नकोत. कॉलम-बीमच्या सांध्याच्या आतही हव्यात; तिथे सळयांची गर्दी असते, रिंग घालणे जिकिरीचे जाते आणि नेमकी तिथेच ती गाळली जाते. काँक्रीट ओतल्यावर हे कोणालाही दिसत नाही. फ्लॅट घेणाऱ्याला टाइल्स दाखवतात, नळ दाखवतात; ज्या दिवशी कॉलमची बांधणी उघडी असते त्या दिवशी तिथे फोटो काढून ठेवणारा क्वचित असतो.

याच मानकाचा आणखी एक नियम आहे : सांध्याशी मिळणाऱ्या कॉलमांची ताकद बीमांच्या ताकदीच्या निदान १.४ पट असावी. मोडायचेच तर बीमने मोडावे. बीम मोडला तर एका मजल्याचा कोपरा वाकतो. कॉलम मोडला तर वरचे सगळे खाली येते. भिंतीत लपावा, खोलीत कोपरा दिसू नये म्हणून ठेवलेला ९ इंची कॉलम या हिशेबात बसवणे कठीण. २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची लहान बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा कमी नको असे सांगितलेले आहे.

बाकीचे दोष थोडक्यात. लिफ्ट आणि जिना एका टोकाला असेल तर इमारत सरळ न झुलता पिळवटते आणि दुसऱ्या टोकाचे कॉलम जास्त ओढले जातात. शाळेच्या वर्गात खिडकीपर्यंतच भिंत बांधली की कॉलमचा वरचा अर्धा भागच मोकळा राहतो; असा आखूड कॉलम लांब कॉलमापेक्षा जास्त ताठ, म्हणून बळ त्याच्यावर एकवटते आणि तो कात्रीने कापल्यासारखा तिरका चिरतो. गच्चीवरच्या टाक्या, नंतर चढवलेला एखादा मजला, हे वजन सर्वांत वाईट जागी, माथ्यावर असते. गुंठ्याच्या प्लॉटवर कडेपर्यंत बांधलेल्या दोन इमारतींत हात घालायला जागा नसते. दोघींची उंची वेगळी, म्हणून झोका वेगळा, आणि हादऱ्यात त्या एकमेकींवर आदळतात. एकीचा स्लॅब दुसरीच्या कॉलमच्या मध्यावर येत असेल तर तो घाव कॉलमला झेपत नाही. आणि काँक्रीट टँकरच्या मोजक्या पाण्यावर दोन दिवसांत कोरडे पडू दिले, तर आराखडा कितीही चोख असो, हिशेबात धरलेली ताकद त्यात उतरत नाही.

बैठ्या, विटांच्या किंवा दगडांच्या घराला एवढी आकडेमोड लागत नाही. ‘आयएस ४३२६’ मध्ये त्यासाठी आडवे पट्टे सांगितले आहेत : जोत्याच्या पातळीला एक, खिडक्या-दारांच्या माथ्यावर एक, आणि छत हलके किंवा उतरते असेल तर भिंतीच्या माथ्यावर आणखी एक. आत सळया घातलेला काँक्रीटचा हा पट्टा सगळ्या भिंतींवरून, कोपऱ्यांतून न तुटता फिरला पाहिजे. डब्याला झाकण नसले तर त्याच्या बाजू सहज चेपतात, झाकण बसवले की डबा ताठ होतो. पट्टा हेच काम करतो. दारावर तेवढ्याच लांबीचा लिंटेल टाकून पट्टा अर्धवट सोडणे ही नेहमीची चूक. बांधकामाच्या एकूण खर्चात पट्ट्यांचा वाटा लहान असतो, आणि कुठल्याही चांगल्या गवंड्याला हे काम जमते.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी उभी राहिली आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती व बळकटी करण्यात आली. त्यात जुन्या दगडी भिंतीसाठी एक साधी युक्ती वापरात आली. भिंतीतला एखादा दगड दोन्ही बाजूंनी हळूच काढून आरपार भोक करायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडे केलेली सळई ठेवायची आणि भोक काँक्रीटने भरायचे. भिंतीचे दोन सुटे थर अशा खिळ्यांनी एकत्र येतात. माळवदावरची जादा माती उतरवणे हा त्याहून स्वस्त उपाय.

आधीच उभ्या असलेल्या पार्किंगवाल्या इमारतीलाही इलाज आहे. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये कॉलममधले काँक्रीट हातोड्याच्या उसळीने आणि ध्वनिलहरींनी तपासतात, सळया कुठे किती आहेत हे यंत्राने शोधतात. मग कमजोर कॉलमांभोवती नव्या सळया आणि दाट रिंगा बांधून काँक्रीटचे जाड कवच चढवतात, ज्याला जॅकेटिंग म्हणतात, किंवा कॉलमांच्या काही जोड्यांमध्ये पायापासून नवी काँक्रीटची भिंत उभी करतात. अशा भिंती दोन्ही दिशांना हव्यात आणि इमारतीच्या चारही बाजूंना सारख्या विखुरलेल्या हव्यात. एकाच कोपऱ्यात दोन भिंती घातल्या तर इमारत त्या कोपऱ्याभोवती पिळवटायला लागते. प्रत्येक भिंतीपायी एखाद्या गाडीची जागा जाते, म्हणून सोसायटीच्या बैठकीत पहिली हरकत त्यावरच येते. गाड्या शेजारी शेजारी लावण्याऐवजी एकीमागे एक लावल्या आणि भिंत दोन रांगांच्या मधोमध घेतली, तर बऱ्याच इमारतींत ही जागा वाचवता येते. कुठल्या दोन कॉलमांमध्ये भिंत घ्यायची हे मात्र आरसीसी अभियंत्यानेच ठरवायचे असते.